गाडी पुन्हा शिकते

गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक राखाडी गाडी चार वर्षं उभी होती. गिऱ्हाइकं विचारायची, विकायची आहे का? धाकटा नुसती मान हलवायचा आणि हातातल्या कामात डोकं घालायचा. ती विकायची नव्हती, चालवायची नव्हती, आणि त्याच्यापुरतं बोलायचं तर तिच्याकडे बघायचंही नव्हतं. गाडी त्याच्या थोरल्या भावाची. थोरला तिच्याच बंपर आणि भिंतीच्या मध्ये सापडून गेला, याच कोपऱ्यात.

खाली गॅरेज आणि वर घर. घरात माणसं तीन. एक म्हातारा बाप, ज्यानं हे गॅरेज उभं केलं आणि आता गुडघ्यांमुळे जिना उतरणं सोडलं होतं. दुसरी थोरल्याची बायको, म्हणजे धाकट्याची वहिनी. आणि तिसरा धाकटा स्वतः. त्याचं लग्न व्हायचं राहिलं ते राहिलंच. ज्या घरात जेवताना ताटांचाच काय तो आवाज होतो, तिथं आपली मुलगी कोण देणार?

आता थोरला कसा गेला ते सांगितलं पाहिजे, आणि त्याआधी गाडीच्या मेंदूविषयी थोडं. हल्लीच्या इंजिनाला एक कॉम्प्युटर असतो. हवा किती आली, पेडल किती दाबलं, धूर कसा निघतोय, हे सेन्सर त्याला सांगत राहतात आणि त्यावरून तो शिकतो. सेन्सर जुना होऊन चुकीचं सांगायला लागला, तर हा त्या चुकीचीही सवय करून घेतो. घरातलं म्हातारं माणूस बहिरं झालं की सगळे आपोआप मोठ्यानं बोलायला लागतात, तसं. म्हणून सेन्सर नवा घातला की कॉम्प्युटरला सांगावं लागतं, बाबा रे, जुनं सगळं विसर. नाही सांगितलं तर तो नव्याशीही ओरडूनच बोलतो, आणि इंजिन भलतीच रेस घेतं. यालाच रिसेट म्हणतात.

दुसरीकडे हे काम स्कॅनरची बटणं दाबून होतं. या गॅरेजात मात्र म्हाताऱ्याची रीत चालायची. बॅटरीच्या दोन्ही केबल सोडायच्या, त्यांची टोकं एकमेकांना लावून फडक्यानं घट्ट बांधायची, आणि चांगला चहाबिहा होईपर्यंत तशीच ठेवायची. तेवढ्या वेळात गाडीत कुणीही बसायचं नाही. “गाडी विसरत असते तेव्हा तिच्यात माणूस नको,” असं म्हातारा म्हणायचा. का नको, ते त्यानं कधी सांगितलं नाही, आणि त्याला उलट विचारायची कुणाची छाती नव्हती. धाकट्यानं आपली समजूत करून घेतली होती, की कुणीतरी सवयीनं चावी फिरवेल म्हणून असेल.

त्या दिवशी त्यानं थोरल्याच्या गाडीत नवा सेन्सर घातला, केबल सोडल्या, बांधल्या आणि तो मागच्या नळावर हात धुवायला गेला. परत येतो तर थोरल्यानं केबल जोडूनही टाकलेल्या. थोरला तसाच होता, उकळता चहा फुंकर न घालता पिणारा. म्हणाला, झालं रे, बस आत, गिअर टाक, मी पुढून बघतो. धाकटा म्हणाला, इतक्यात? त्यावर थोरला हसला आणि म्हणाला की तू आणि बाबा, या घरात दोन म्हातारे आहेत. गाडी ऑटोमॅटिक होती. धाकट्यानं गिअर टाकला, ब्रेकवरचा पाय नुसता उचलला, आणि गाडीनं उडी घेतली.

“तू रिसेट केलं नव्हतंस,” हे म्हाताऱ्याचं पहिलं वाक्य, हॉस्पिटलच्या पायरीवर बसून बोललेलं. धाकट्यानं एकदाच सांगून पाहिलं की मी केलं होतं, दादानं थांबायला हवं होतं. म्हाताऱ्यानं त्याच्याकडे असं पाहिलं, की हात उगारला असता तरी बरं वाटलं असतं. “मेलेल्यावर ढकलतोस?” म्हणाला. हात धुवायला गेलो होतो, हे तर धाकट्यानं आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं.

तेव्हापासून रोज, जेवण झालं की म्हातारा हात पुसता पुसता म्हणायचा, “रिसेट केलं असतंस तर तो असता.” ना रागानं, ना रडून. चहात साखर कमी आहे म्हणावं तशा आवाजात. वहिनी काहीच म्हणायची नाही. ती धाकट्याशी बोलायचीच नाही. त्याचा चहा जिन्यातल्या खिडकीत ठेवून जायची, रंगारी-सुतार आले की त्यांना ठेवतात तसा. कधी घरात थोरल्याचा विषय निघालाच, तर तो गुणांचा पुतळा होता, हात लावेल त्या इंजिनाचं सोनं करायचा, असं म्हातारा सांगायचा. मेल्या म्हशीला मणभर दूध! दहाला उठणारा, पाना कुठं टाकला ते संध्याकाळपर्यंत न आठवणारा थोरला धाकट्याला चांगला आठवत होता. तरी तो गप्प बसायचा, कारण भावावर त्याचाही जीव होता आणि त्याची आठवण त्यालाही यायची. हे त्या दोघांच्या गावीही नव्हतं.

धाकट्याला फार काही नको होतं. एकदा, जाता जाता का होईना, बापानं म्हणावं की रिसेट त्यानं केलं होतं. एवढं ऐकलं असतं तर उरलेला जन्म त्यानं खिडकीतला गार चहा पिऊन आनंदानं काढला असता.

मग वहिनीला शहराच्या दुसऱ्या टोकाला नोकरी लागली. जेवताना, धाकटा हातभर अंतरावर बसलेला असताना, ती म्हाताऱ्याला म्हणाली, “त्यांना सांगा, गाडी चालू करून द्या. माझी आहे ती.” म्हाताऱ्यानं धाकट्याकडे न बघता सांगितलं, “ऐकलंस ना.”

त्यानं ताडपत्री ओढून काढली. आत उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या, टायर बसले होते, आणि तीन सेन्सर पार कामातून गेले होते. तो आत बसला तर पाय पेडलपर्यंत पोचेना. थोरला ताडमाड उंच, त्याला सीट पार मागं लागायची. धाकट्यानं सीटखालची कडी ओढली आणि सीट पुढं घेतली, लहानपणापासून भावाच्या प्रत्येक गोष्टीत करावी लागे तशी काटछाट करून. बॅटरी नवी घालायला, वायरी जोडायला आणि सेन्सर बदलायला त्याला तीन-चार संध्याकाळी लागल्या.

सुट्टीच्या दिवशी सकाळी, गॅरेजचं शटर अर्धं ओढून, त्यानं केबल सोडल्या. टोकं जुळवली, फडकं गुंडाळलं, गाठ मारली. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. म्हातारा एकेक पायरी उतरत होता, कठड्याला धरून, श्वास टाकत. चार वर्षांत पहिल्यांदा. तो धाकट्याच्या बाजूनं गेला, गाडीचं दार उघडलं, सीट मागं सरकवली आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला. दार त्यानं ओढून घेतलं.

बाबा, उतरा, असं म्हणायला हवं होतं. नियम त्यांचाच होता. पण मेलेल्या लेकाच्या जागी बसलेल्या बापाला उठवायचं कसं? आणि उठवलं तर तो काय म्हणेल हे धाकट्याला पाठ होतं. आज तूच मला रिसेट शिकवतोस का! त्यानं फडक्याची गाठ पुन्हा एकदा आवळली. म्हाताऱ्याला शोधत वहिनी खाली आली, काचेतून आत बघत क्षणभर उभी राहिली, मग वळसा घालून गेली आणि शेजारच्या सीटवर, स्वतःच्या जुन्या जागेवर बसली. तिनंही दार लावून घेतलं.

धाकटा उघड्या बॉनेटपाशी उभा राहिला, बंपर आणि भिंतीच्या मध्ये. बॅटरी त्याच बाजूला होती, उभं राहायला दुसरी जागाच नव्हती. इथं कोण उभं होतं हे त्याला ठाऊक होतं, पण काम म्हटलं की पायांना असले लाड चालत नाहीत. बॉनेटखालच्या फटीतून त्याला आतली दोघं दिसत होती. ती एकमेकांशी बोलत नव्हती, हलतही नव्हती. एस.टी.ची वाट बघणाऱ्या उतारूंसारखी दोघंही समोर, म्हणजे त्याच्याकडे, बघत होती.

मग त्याला दिसलं की म्हाताऱ्याच्या हनुवटीवर पिवळा उजेड पडलाय. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा. इंजिनात काही बिघाड असला की तो लागतो, आणि आता बॅटरी सुटलेली असताना तो लागायचं काही कारण नव्हतं. कुठंतरी उरलासुरला करंट असेल, तो जावा म्हणून तर टोकं बांधायची, असं त्यानं मनाशी म्हटलं. फडक्याला हात लावून पाहिला तर ते कोमट होतं. दिवा मंद होत होत गेला. तो विझला तेव्हा वहिनीनं डोळे मिटले आणि पुन्हा उघडले.

त्यानं पूर्ण वेळ जाऊ दिला, थोडा जास्तच. केबल जोडल्या. पेडलला पाय न लावता चावी फिरवा, असं खुणेनं सांगितलं. इंजिन सुरू झालं, आधी ओरडलं, मग अडखळलं, मग हळूहळू एका सुरात आलं. म्हाताऱ्यानं कान देऊन ऐकलं, काच खाली केली आणि म्हणाला, “शिकतेय.” मग तो धाकट्याकडे बघून हसला. “चल, हात धू आणि वर ये. जेवायचं थांबलोय.”

असं त्याला कुणी कधी बोलावलं होतं, ते आठवायला धाकट्याला बराच वेळ लागला.

वर चहा टेबलावर होता, खिडकीत नव्हता. त्यात दोन चमचे साखर होती. धाकटा बिनसाखरेचा पितो, हे वहिनीला या घरात आल्यापासून माहीत होतं. दोन चमचे थोरला घ्यायचा. पण अशा वेळी साखर कोण मोजतो? त्यानं तो पाक गटागट प्यायला. जेवण झालं, म्हातारा हात पुसायला लागला आणि धाकटा मान खाली घालून वाक्याची वाट बघत बसला. म्हाताऱ्यानं टॉवेल ठेवला आणि विचारलं, उद्या काय काम आहे गॅरेजात? धाकट्यानं काहीतरी उत्तर दिलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडला.

दुसऱ्या दिवसापासून बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या. म्हातारा जिन्यातला दिवा लावायला भलत्याच भिंतीवर हात फिरवायचा. स्वतः बांधलेल्या घरात बटण कुठं आहे ते विसरला होता. वहिनी कुठला डबा कुठं आहे ते दारं उघडून शोधायची, नव्या नवरीसारखी. पण बटण एकदा दाखवलं की म्हातारा पुन्हा चुकत नव्हता. वहिनीनं धाकट्याचे धुतलेले कपडे घडी करून थोरल्याच्या कपाटात ठेवले. तिथून ते काढून आणताना त्याच्या हाताला थोरल्याचे शर्ट लागले. त्यानं कपाट लावून घेतलं. कुणाला काही विचारलं नाही, कारण विचारलं तर हे थांबेल अशी त्याला भीती वाटत होती.

रिसेटनंतर गाडी चालवावीच लागते. कधी सावकाश, कधी वेगात, चढाला, उताराला. चालवणाऱ्याच्या पायावरून ती सगळं पुन्हा शिकते. धाकट्यानं सीट पुढं घेतली आणि निघाला, तर म्हातारा मागं बसलेला आणि वहिनी शेजारी. आम्ही पण येतो म्हणाली. त्यालाच, थेट. गाडी मोकळ्या रस्त्याला लागली. धाकट्याचा पाय पहिल्यापासून हलका. इंजिन मधूनच उचकी द्यायचं, जणू पटत नाहीये.

“दाब की,” मागून म्हातारा म्हणाला. “असा कधीपासून चालवायला लागलास?”

धाकट्यानं आरशात पाहिलं. बाप त्याच्याकडेच बघत होता, डोळे भरून. हे डोळे कुणासाठी असायचे ते त्याला चांगलं माहीत होतं.

कळलं नाही असं त्याला म्हणता आलं नसतं. कळलं होतं. गाडी बाजूला घेऊन, बाबा, मी दादा नाही, म्हणायला एक मिनिट लागलं असतं. पण चार वर्षं उपाशी ठेवलेल्या माणसानं, हे ताट माझं नव्हे, म्हणून उठून जावं असं कुणाला वाटत असेल तर त्यानं आधी चार वर्षं उपाशी राहून बघावं. धाकट्यानं पेडल दाबलं. थोरल्यासारखं एका हातानं वळण घेतलं, ब्रेक अगदी शेवटच्या क्षणी मारला. इंजिनाची उचकी थांबली. वहिनी हसली. तिचं हसू तो विसरूनच गेला होता.

मग रोज संध्याकाळी फेरी व्हायला लागली. तो थोरल्यासारखा चालवायचा, थोरल्याचे जुने विनोद सांगायचा, दोन चमचे साखरेचा चहा प्यायचा. दुधाची तहान ताकावर, पण ताकही इतक्या वर्षांनी मिळत होतं. गाडी कशी लोण्यासारखी पळत होती.

एका दुपारी पिवळा दिवा पुन्हा लागला.

त्यानं स्कॅनर लावला. बिघाड काही दाखवत नव्हता. तिन्ही सेन्सर ठीक, वायरी ठीक. तरी दिवा चालूच. असं होतं कधीकधी. सेन्सर बदला, विसरायला लावा, पण मूळ दुखणं दुसरीकडंच असलं तर थोडं फिरल्यावर गाडी तीच तक्रार घेऊन परत येते. तो तसाच वर जेवायला गेला.

जेवण झालं. म्हाताऱ्यानं टॉवेल घेतला आणि हात पुसता पुसता म्हणाला, “थांबला असतास तर तो असता.”

तोच आवाज. चहात साखर कमी आहे म्हणावं तसा.

धाकट्यानं विचारलं, “कोण असता?”

“कोण म्हणून विचारतोस? तुझा भाऊ.”

“बाबा,” धाकटा म्हणाला. “बाबा, मी धाकटा.”

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं. हॉस्पिटलच्या पायरीवर पाहिलं होतं तसं.

“त्याचं नाव तोंडातून काढू नकोस,” तो म्हणाला. “रिसेट त्यानं केलं होतं. केबल बांधून हात धुवायला गेला होता बिचारा पोर. घाई तू केलीस.”

चार वर्षं ज्या वाक्यासाठी धाकटा झुरला, ते हेच. शब्दाला शब्द. ते बापाच्या तोंडून निघालं, त्याच्या देखत निघालं, आणि त्याला सोडून भलत्याच्या पदरात पडलं. बापाचा आवाज पोर म्हणताना कापला होता. इतकी माया या माणसाच्या पोटात आपल्यासाठी होती, आणि ती बाहेर यायला आपण मरायला हवं होतं, असं त्याच्या मनात आलं.

आणि नळाचं यांना कुणी सांगितलं?

त्यानं वहिनीकडे पाहिलं. निदान तिला तरी ठाऊक असेल. ती पुढं झाली, त्याचं ताट उचललं आणि म्हाताऱ्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलली.

“अहो, बाबांचं मनावर घेऊ नका. भाऊजींचं आयुष्यच तेवढं होतं.”

तो जिना उतरला. पुन्हा केबल सोडायच्या, पुन्हा बांधायच्या, दोघांना आणून बसवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. मग असू दे खिडकीतला चहा. मग म्हणू दे रोज, रिसेट केलं असतंस तर. ते निदान त्याचं स्वतःचं होतं.

पाना गाडीत राहिला होता. तो आत बसला. जरा टेकला. शटरच्या फटीतून ऊन येत होतं. समोरच्या भिंतीवर बंपरच्या उंचीला सिमेंट खरवडलेलं होतं, ते त्यानं कधी बुजवलं नव्हतं.

चावी न लावताच पिवळा दिवा लागला.

उतरावं म्हणून त्यानं पेडलवरचा पाय काढला. मग थांबला. इतका वेळ तो पेडलवर नीट टेकला होता, गुडघा आरामात वाकलेला. त्यानं सवयीनं सीट पुढं घ्यायला खाली हात घातला.

सीट पार मागं होती.